पाठमोरी माणसं

जिल्हा पानावर काम करणाऱ्या उपसंपादकाच्या डोक्यात काही शीर्षकं आयती पडलेली असतात. पाऊस आला की बळीराजा सुखावतो, लांबला की हवालदिल होतो. मोर्चा धडकतो. बिबट्या जेरबंद होतो. रस्त्यांची चाळण होते, नालेसफाईचे तीनतेरा वाजतात. आणि लसीकरणाच्या केंद्रावर माणसं आली नाहीत, तर ती पाठ फिरवतात. नाशिकच्या एका दैनिकात सतरा वर्षं मी हेच केलं. 'लसीकरणाकडे नागरिकांची पाठ' हे शीर्षक किती वेळा दिलं असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. ते फार सोयीचं होतं. एका कॉलमात दोन ओळी: वर 'लसीकरणाकडे', खाली 'नागरिकांची पाठ'. अक्षरं मोजायला नकोत, पान लावणारा मुलगा खूश, डाक आवृत्ती वेळेवर सुटायची.

नोकरी सुटल्यावर बऱ्याच दिवसांनी, जुनी कात्रणं चाळताना, त्या 'पाठ' शब्दाशी मी अडखळले. कुणाची पाठ दिसायची तर आपण त्याच्या मागे उभं असावं लागतं. मग बातमी लिहिणारा उभा कुठे होता? टेबलापाशी. टेबलावर निळी पेटी, पेटीत बर्फाच्या वड्या, त्यांत लसीच्या कुप्या, शेजारी रजिस्टर आणि खुर्चीत अवघडून बसलेली सिस्टर. तिथून पाहिलं तर गल्लीतली माणसं पाठमोरीच दिसणार. गल्लीत उभं राहून पाहिलं असतं, तर कदाचित टेबलच आपल्याकडे पाठ करून बसलंय असं वाटलं असतं.

खरं तर आम्ही टेबलापाशीही नसायचो. तालुक्याचा वार्ताहर आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावायचा. उद्दिष्ट इतकं, साध्य इतकं. दोन्हींची वजाबाकी केली की जो आकडा उरायचा, त्याचं नाव विरोध. त्या आकड्यात कोण आहे हे विचारायची पद्धत नव्हती. वजाबाकीला चेहरा नसतो, म्हणून आम्ही तिला 'नागरिक' म्हणायचो, आणि वस्ती कुठली आहे हे सुचवायचं असेल तर 'विशिष्ट समाज'. 'विशिष्ट' हा मराठी बातमीदारीतला सगळ्यात अविशिष्ट शब्द आहे. नाव न घेता बोट दाखवायचं असलं की तो वापरायचा. बोट कुणाकडे आहे हे वाचणाऱ्याला बरोब्बर कळतं.

एकदा पोलिओच्या मोहिमेत संपादकांनी मला मालेगावला धाडलं. 'तिथे लोक दार उघडत नाहीत म्हणे, बघून या.' बातमी अशी आधीच ठरलेली होती. मी गेले तो सोमवार होता. रविवारी बूथ लागतो आणि पुढचे काही दिवस घरभेटी असतात. बागलाणकडच्या, पन्नाशीच्या एका सिस्टरबरोबर मी दिवसभर गल्ल्या पालथ्या घातल्या. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा असा खडखडाट की दारावरची थाप आतल्यांना ऐकूच जाऊ नये. सिस्टरच्या हातात खडू होता. घरातल्या सगळ्या पाच वर्षांखालच्या मुलांना थेंब मिळाले असतील तर दारावर किंवा शेजारच्या भिंतीवर इंग्रजी पी, तारीख आणि बाण. एखादं मूल राहिलं असेल तर फुली. त्यांच्या भाषेत ते 'एक्स घर'.

इथवर मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की फुली नुसती फुली नसते. तिच्या शेजारी आणखी एक अक्षर असतं. घराला कुलूप असेल तर एक अक्षर, मूल गावाला गेलं असेल तर दुसरं, आजारी असेल तर तिसरं, आणि घरच्यांनी नाही म्हटलं तर आर. या अक्षरांवरून उद्या कुणी यायचं ते ठरतं. कुलपाच्या घरी संध्याकाळी कुणीतरी जाऊन बघायचं. आजाऱ्याकडे चार दिवसांनी. आर असेल तर मोहल्ल्यातल्या कुणा वडीलधाऱ्याला किंवा डॉक्टरला बरोबर घ्यायचं. रुपयाला मूठभर मिळणाऱ्या खडूने सरकारी यंत्रणा जो भेद दारावर करत होती, तो आमच्या छापखान्याला सतरा वर्षांत जमला नव्हता.

त्या दिवशी आमच्या वाट्याच्या गल्ल्यांत अकरा फुल्या पडल्या. आर एकच. तो एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. दार उघडणारे गृहस्थ शिकलेले, बोलायला मऊ. म्हणाले, 'आमच्या मुलाचे सगळे डोस खासगी डॉक्टरांकडे वेळच्या वेळी झालेत. हे रस्त्यावरचं आम्हाला नको.' सिस्टरने समजावलं, की मोहिमेत प्रत्येक मुलाला पुन्हा थेंब द्यायचे असतात, आधीचे धरत नाहीत. गृहस्थांनी हसून दार लावलं. उरलेल्या दहांपैकी नऊ फुल्या कुलपाच्या, गावाला गेलेल्यांच्या, तापाच्या. आणि एक, जिला कुठलंच अक्षर नीट लागू पडत नव्हतं. तिच्याकडे मी शेवटी येईन.

रात्री नाशिकला परतून मी बातमी लिहिली. शीर्षक: 'गैरसमज दूर करण्याचे आव्हान'. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ त्या बातमीत नव्हते. ते गैरसमजात बसत नव्हते ना.

आमच्या घरी लस हा शब्द जखमेचा होता. गुडघा खरचटला, खपली निघाली, की आई म्हणायची, 'लस येतेय, हात लावू नकोस.' टोचण्याला आजी लसीकरण म्हणत नसे. म्हणायची 'देवी काढल्या'. तिच्या दंडावर ते गोल, सुरकुतलेले वण होते, बांगडी चढवताना दिसायचे. देवीच्या रोगाला आपण 'देवी आल्या' म्हणतो, गोवरही 'येतो', कांजिण्याही 'येतात'. रोग ही येणारी बाई. तिचा मान ठेवायचा, कडुलिंबाचा पाला लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही. आणि लस टोचणं म्हणजे देवी 'काढणं'. रांगोळी काढतात, चित्र काढतात, तशी देवी काढायची, माणसाच्या कातडीवर. जिने यावं की न यावं ते स्वतः ठरवायचं, तिला सरकारी माणसाने पाहिजे तेव्हा काढायचं. या एका क्रियापदात केवढा दोन शतकांचा ताण भरलाय, हे बोलताना कुणाच्या मनातही येत नाही.

आणि लस म्हणजे जखमेतलं पाणी, हेही काही शब्दाचे खेळ नव्हेत. 14 जून 1802 ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोचली गेली, हिंदुस्थानातलं ते पहिलं यशस्वी लसीकरण. ती लस व्हिएन्नाकडून बगदाद, बसरा करत मुंबईला आली होती. शीतपेटी नव्हती, माणसाचा दंड हीच पेटी. टोचलेल्या मुलाच्या दंडावर फोड यायचा, तो फोडून त्यातली लस पुढच्या मुलाला. त्यानंतर कित्येक वर्षं हीच रीत. म्हणजे 'नाही' म्हणणारी आई कशाला नाही म्हणत होती? आपल्या लेकराच्या पिकलेल्या फोडाला पुन्हा सुरी लावायला, आणि कुणा परक्या, परजातीच्या मुलाच्या अंगातलं पाणी आपल्या मुलाच्या अंगात घालायला. जातीची शिवाशिव त्यात होतीच, ती झाकायचं कारण नाही. पण दुखणंही होतं, किळसही होती. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांत या सगळ्याला मिळून नेटिवांचा पूर्वग्रह म्हणत. पुढे वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली आणि विरोधाचं एक मोठं कारण आपोआप गळून पडलं. कुणाचं प्रबोधन वगैरे करावं लागलं नाही. आमच्या पानावरचा 'गैरसमज' हा मला त्या अहवालांतल्या पूर्वग्रहाचा नातू वाटतो. नाकडोळे तेच.

जाता जाता, हिंदीत लसीला टीका म्हणतात. मुंबईत भिंतीवर 'बच्चों का टीकाकरण अवश्य करवाएँ' असं वाचलं की मराठी माणसाला क्षणभर वाटतं, मुलांवर आता सरकारतर्फे टीका होणार. आमच्या डेस्कवर हा विनोद दर मोहिमेला व्हायचा. आता वाटतं, त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. लसीची बातमी आम्ही लिहायचो ती टीकेच्याच सुरात, आणि ज्याच्यावर टीका करायची तो पेपर वाचत नाही हे धरून.

कारण 'नाही' म्हणण्याच्याही जाती असतात. झोपडपट्टीतला नाही म्हणतो ते अज्ञान. पाड्यावरचा म्हणतो ती अंधश्रद्धा. सोसायटीतला म्हणतो तेव्हा मात्र 'पालकांमध्ये संभ्रम' असतो; त्याला 'प्रश्न' पडलेले असतात, आणि त्या प्रश्नांना उत्तर द्यायला आम्ही बालरोगतज्ज्ञांचा चौकोन छापतो. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळाशाळांतून लस द्यायची होती. त्या आठवड्यांत दोन्ही तऱ्हेच्या बातम्या मी एकाच पानावर लावल्या आहेत. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पालकांनी संमतिपत्र भरून दिलं नाही, तिथे 'संभ्रम'. दोन किलोमीटरवरच्या उर्दू शाळेत पालकांनी मुलांना त्या दिवशी घरीच ठेवलं, तिथे 'विरोध'. दोन्हीकडे कारण एकच होतं: व्हॉट्सॲपवर आलेली एक क्लिप.

इतिहासात मागे गेलं की ही उतरंड आणखी स्पष्ट दिसते. गांधीजींचं लसीबद्दलचं मत फार वाईट होतं. 1913 मध्ये 'इंडियन ओपिनियन'मधल्या आरोग्यविषयक लेखांत त्यांनी देवीच्या लसीवर सडकून लिहिलं. 1930 मध्ये साबरमतीच्या आश्रमात देवीची साथ शिरली आणि तीन मुलं गेली. राजगोपालाचारींनी 1955 मध्ये बीसीजीच्या मोहिमेविरुद्ध पुस्तिका लिहिली. दोघंही चुकले होते असं मला वाटतं, गांधीजी तर फार मोठी किंमत मोजून. पण त्यांना 'लसविरोधक' असं एकशब्दी नाव देऊन मोकळं व्हायला कुणाची जीभ उचलत नाही. त्यांच्या विरोधाला मागे एक अख्खा माणूस आहे. त्याची तत्त्वं आहेत, चुका आहेत, पत्रं आहेत. मालेगावच्या अकराव्या दारामागे मात्र नुसता विरोध राहतो, माणूस राहत नाही.

इंग्लंडात 1853 मध्ये देवीची लस सक्तीची झाली, मग दंड आले, तुरुंग आले, 1885 मध्ये लेस्टरला हजारो लोकांचा मोर्चा निघाला. शेवटी 1898 च्या कायद्याने अशा आईबापांना सवलत दिली आणि त्यांच्यासाठी एक नाव तयार केलं, सदसद्विवेकबुद्धीने हरकत घेणारा. लढाईला जायला नकार देणाऱ्यांसाठी हेच नाव नंतर जगभर वापरलं गेलं, पण ते जन्मलं लसीच्या कायद्यात. ती माणसं शास्त्राच्या दृष्टीने चूक होती. देवीचा रोग लशीनेच संपला, आर्जवाने नाही. तरीही कायद्याने त्यांना नाव दिलं ते असं, की ते लावून घेऊन माणूस ताठ उभा राहू शकेल. आपल्याकडच्या कोशात तसा शब्द आलाच नाही. आपल्याकडे आला तो 'बडगा'.

नोव्हेंबर 2021 ची गोष्ट. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला, की करोनाची किमान एक मात्रा घेतल्याचा दाखला नसेल तर पेट्रोल नाही, गॅस नाही, रेशन नाही. 'लस न घेणाऱ्यांवर कारवाईचा बडगा' हे शीर्षक त्या दिवसांत कुठल्या पेपरात नव्हतं? मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. मराठी वृत्तपत्रांनी त्या दीड वर्षात भाषेत पुष्कळ भर घातली: लसटंचाई, लसकोंडी, वर्धक मात्रा. आणि 'लसवंत', ज्याने लस घेतली तो. गुणवंत, भाग्यवंतांच्या पंगतीत बसवलेला शब्द. न घेतलेल्याला शब्दच नव्हता. तो त्या पंगतीत उष्टी काढायलाही नव्हता.

मला आठवतो तो त्याच वर्षीचा मे महिना. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाची नोंदणी ॲपवर सुरू झालेली. नाशिक, पुण्यातली पोरं मध्यरात्री फोन हातात धरून बसायची, कुठे जागा दिसते का बघत. शहरात मिळेना म्हणून तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांवर नोंदवायची आणि सकाळी गाड्या काढून तिकडे जायची. गावकरी ओट्यावर बसून बघायचे: आपल्या गावच्या दवाखान्यात मास्क लावलेली परकी माणसं रांगेत आहेत, आणि आपल्याला सांगतात, 'मोबाईलवर नंबर लावा मग या.' लस गावात होती; गावासाठी नव्हती. पाचसहा महिन्यांनी लशीचे साठे आले, रांगा आटल्या, आणि त्याच गावांबद्दल आम्ही छापलं, 'ग्रामीण भागात निरुत्साह'. उत्साह दाखवायच्या दिवसांत त्यांना ओट्यावर बसवलं होतं, याची आठवण पानाला राहत नाही. पान रोज नवं असतं.

त्याच जूनमध्ये आमच्याच नाशिकात एका ज्येष्ठ गृहस्थांच्या अंगाला लस घेतल्यापासून चमचे आणि नाणी चिकटतात, अशी बातमी फुटली. वाहिन्यांनी ती दिवसभर चालवली. चमचे लावलेली उघडी पाठ आणि छाती पुन्हा पुन्हा दाखवली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी लगोलग सांगितलं, की घामट कातडीवर कुणाच्याही चमचा राहतो, यात लोहचुंबक नाही न् काही नाही. ते छापून आलं, लहान टायपात. शरद संपता संपता आम्हीच लिहीत होतो, की अफवांमुळे लसीकरणाला खीळ बसली. 'अफवा पसरली', अशी आपली वाक्यरचना असते. आगीसारखी, पाण्यासारखी, ती आपली आपणच पसरते. पसरवणारा कर्ता त्या वाक्यात कधी येत नाही, कारण तो वाक्य लिहीत असतो.

आणि प्रत्येक भीती अफवा नसते, हेही पानावर कधी मावलं नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, 10 जानेवारी 1897 ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पाच वर्षांनी पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेली एकोणीस माणसं धनुर्वाताने गेली. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर आला. ते निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. लस चांगली होती. बाटली दूषित झाली होती. पण त्या पंचक्रोशीत नंतर कुणी दंड पुढे केला नसेल, तर त्याला गैरसमज म्हणायचं का? अगदी अलीकडे, 31 जानेवारी 2021 ला, यवतमाळ जिल्ह्यात एका केंद्रावर बारा लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं वाचली, सुखरूप घरी गेली. हलगर्जीपणाची ती बातमी दोन दिवस पहिल्या पानावर होती. पण पुढच्या फेरीला त्या भागातल्या एखाद्या आजीने नातवाला पदराखाली घेतलं असेल, तर तिच्या नावावर कुठला शब्द पडला असेल हे मी शपथेवर सांगू शकते.

एवढं वाचून कुणाला वाटेल, बाई लशीच्या विरोधात दिसतात. नाही. माझ्या दंडावर देवी आहे, बीसीजी आहे, करोनाच्या तीन मात्रा आहेत; नातीचं लसीकरणाचं कार्ड मी देवघरातल्या फळीवर ठेवते. आणि उलट बाजूची चूक जास्त घातक आहे, हेही मी डेस्कवरच शिकले. 1998 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये बारा मुलांवरचा एक निबंध आला, त्यावरून गोवराची लस आणि स्वमग्नता यांची सांगड घातली गेली. 2010 मध्ये तो मागे घेतला गेला. मधली बारा वर्षं जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'दोन्ही बाजू' छापल्या. एका बाजूला लाखो मुलांची आकडेवारी, दुसऱ्या बाजूला एक वकिली करणारा डॉक्टर, दोघांना सारखी जागा. आमच्याकडे यासाठी प्रश्नचिन्ह होतं. 'लस सुरक्षित आहे का?' असं शीर्षक दिलं की काही म्हटल्याचा आरोप येत नाही आणि विष मात्र पोचतं. जाणूनबुजून खोटं विकणाऱ्याला आम्ही 'कार्यकर्ता' म्हटलंय, 'अभ्यासक'सुद्धा. लबाडाला अभ्यासक आणि दमलेल्या आईला विरोधक, असा तो कारभार होता.

दमलेली म्हणते ते उगाच नाही. 2022 च्या पावसाळ्यानंतर मुंबईत गोवंडीकडून गोवराची साथ सुरू झाली, मालेगाव आणि भिवंडीतही पसरली, मुलं दगावली. गोवर हा ज्ञात रोगांतला सगळ्यात संसर्गजन्य. एका आजारी मुलापासून लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना होऊ शकतो. म्हणून शंभरातल्या पंच्याण्णवांना लस मिळावी लागते, नव्वद पुरत नाहीत. करोनाच्या दोन वर्षांत नेमाची लसीकरणाची सत्रं विस्कटली होती, कामगार गावी जाऊन परतले होते, कार्डं हरवली होती. साथीचा जोर असताना एका वाहिनीवरचा तरुण वार्ताहर गोवंडीच्या गल्लीत उभा राहून सांगत होता, की इथल्या लोकांचा लसीला विरोध आहे. त्याच्या मागे एक बाई कडेवर पोर घेऊन, डोक्यावर हंडा घेऊन चालली होती. कॅमेऱ्याला तिची पाठ दिसत होती.

निफाडकडे द्राक्षबागेत काम करणाऱ्या एका बाईला मी एकदा विचारलं होतं, बाळाचा तिसरा डोस का राहिला. ती म्हणाली, 'ताई, सुई टोचली की पोराला दोन दिस ताप. पोर रडतंय म्हणून मुकादम बागेत येऊ देत नाही. दोन दिसांचा खाडा. पहिल्या दोन टायमाला केला ना खाडा. आता छाटणी चाललीय.' तिने कुठेही म्हटलं नाही की लस वाईट असते. तिला तापाची गोळी आणि दोन दिवसांची मजुरी कुणी दिली असती तर ती स्वतःहून आली असती. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2014 मध्ये लसीबाबतच्या कचरण्याची कारणं सांगितली, त्यांत अविश्वास एक, निर्धास्तपणा एक आणि गैरसोय एक. जाडजूड अहवालातलं ते तिसरं कारण निफाडच्या बाईने एका शब्दात सांगून टाकलं होतं. खाडा. हा शब्द मी आयुष्यात कधी शीर्षकात घातला नाही. दोनच अक्षरांचा तर आहे.

आता ती अकरावी फुली.

दार एका तरुण मुलीने उघडलं, विशीचीही नसेल. मागे पाळणा. सिस्टरने थेंबांचं विचारलं तशी तिने ओठांवर बोट ठेवलं. आत जमिनीवर माणूस झोपला होता, तोंडावर पंचा ओढून. 'रातपाली करके आए हैं, बाजी. बच्ची रोई तो उठ जाएँगे. जुम्मे को आओ ना, छुट्टी रहती.' मालेगावात लूमना रविवारी सुट्टी नसते, शुक्रवारी असते. आणि देशभराचा पोलिओ रविवार. ज्या दिवशी सगळा भारत मुलांना बूथवर आणणार, त्या दिवशी या गावचे बाप लूमवर उभे. हे इतकं साधं, इतकं उघड होतं की मी वहीत लिहूनही घेतलं नाही.

सिस्टरने तिच्याशी हुज्जत घातली नाही. पेटीचं झाकण लावलं, खडूने फुली काढली आणि शेजारचं अक्षर लिहायला थांबली. कुलूप नाही. आजारी नाही. गावाला नाही. नकारही नाही. तिने खडू पेटीत टाकला आणि दाराच्या चौकटीला रजिस्टर टेकवून पेनने लिहायला लागली. शेरा हा त्यातला शेवटचा रकाना, बोटभर रुंदीचा. तिचं अक्षर बारीक होतं तरी मजकूर रकाना ओलांडून समासात गेला, तिथून कागदाच्या कडेने वर चढला. मी मान तिरकी करून वाचलं: 'वडील रात्रपाळीहून येऊन झोपलेले. बाळ रडेल म्हणून आई नको म्हणते. शुक्रवारी स्वतः येऊन देते.'

मी सवयीनं अक्षरं मोजली. एका कॉलमात बसली नसती.